अणुबॉम्बची जरब आणि विद्यापीठातील शिकवण

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासवर्गातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला अभ्यासवर्गाने एक विषय मांडायचा, ही आपल्या विहाराची जुनी प्रथा आहे. यंदा आम्ही विषयाचे नाव कळवले तेव्हा समितीतल्या एक-दोघांच्या कपाळाला आठी पडली. शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येत नाहीत, शिकलेल्या पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि तुम्ही अणुबॉम्बवर काय बोलणार? त्यांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. त्या विषयांवर आपण बोलतोच, पुढेही बोलू. पण आज हा विषय घेण्यामागे आमची दोन कारणे आहेत, ती आधी सांगतो.

पहिले कारण आपली मुले-मुली. राज्यशास्त्र, संरक्षणशास्त्र, भौतिकशास्त्र घेऊन शिकणारी पिढी आता आपल्या घरांतून उभी राहिली आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या वह्यांत 'अण्वस्त्र प्रतिरोधन' असे एक प्रकरण असते. व्याख्या, प्रकार, फायदे, तोटे. मुले ते पाठ करतात आणि मार्क मिळवतात. यातलीच काही उद्या अधिकारी होतील, शास्त्रज्ञ होतील, प्राध्यापक होतील. ती काय शिकताहेत, हे घरच्यांनी विचारायला नको काय?

दुसरे कारण जास्त जवळचे आहे. १८ मे १९७४ रोजी पोखरणला भारताने पहिली अणुचाचणी केली. तिला बुद्धाच्या स्मिताचे नाव चिकटले आणि ते आजतागायत पुस्तकांतून छापले जाते. १९९८ साली पुन्हा चाचण्या झाल्या. त्यातला पहिला दिवस ११ मे, आणि तो वैशाख पौर्णिमेचा होता. सकाळी गावोगावच्या विहारांत वंदना झाल्या, खीरदान झाले आणि दुपारी पावणेचारच्या सुमाराला वाळवंटातली जमीन हादरली. बॉम्बच्या कामाला बुद्धाचेच नाव का सुचावे, या वादात आम्ही आज शिरत नाही. पण ज्यांच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे त्यांना हा विषय परका म्हणता येणार नाही.

तर मंडळी, आधी शब्दाचा अर्थ पाहू. इंग्रजीत या विद्येला 'न्यूक्लिअर डिटरन्स' म्हणतात. मराठी पुस्तकांत 'प्रतिरोधन' हा शब्द येतो, पण तो ऐकून डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. मूळ लॅटिन धातूचा अर्थ भय घालणे असा आहे, 'टेरर' हा शब्दही त्याच मुळातला. म्हणून आम्ही साधा शब्द वापरतो, जरब.

समजा, एका चाळीत भिंतीला भिंत लागून दोन बिऱ्हाडे आहेत आणि दोघांत हाडवैर आहे. दोघांनीही घरात रॉकेलची पिंपे भरून ठेवली. एकाने दुसऱ्याचे घर पेटवले तर दुसरा मरता मरता त्याचेही पेटवणार, हे दोघांना पक्के ठाऊक आहे. म्हणून कोणीच काडी ओढत नाही. वर्षे जातात. दोघेही छाती पुढे काढून सांगतात, बघा, रॉकेलमुळे चाळीत शांतता आहे! हीच ती जरबेची विद्या. ती निव्वळ खोटी आहे असे म्हणून चालणार नाही. १९४५ नंतर कोणत्याही युद्धात अणुबॉम्ब टाकला गेलेला नाही, ही वस्तुस्थिती आहे. पण शांतता रॉकेलमुळे राहिली, की नशिबाने, की मध्ये पडणाऱ्या चार शहाण्या माणसांमुळे, हे सिद्ध कसे करायचे? प्रयोग करून बघण्याची सोय नाही. प्रयोग फसला तर निकाल वाचायला कोणी उरायचे नाही. आणि त्याच चाळीत आणखी वीस बिऱ्हाडे राहतात, त्यांना कोणी काही विचारलेले नाही, हेही ध्यानात ठेवा. त्या वीस बिऱ्हाडांकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

आता हा विषय विद्यापीठात आला कसा? खरे सांगायचे तर बॉम्बच विद्यापीठातून आला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते आपल्याला पूज्य आहे. त्याच विद्यापीठात, बाबासाहेब तेथून गेल्यानंतर बांधलेली प्यूपिन हॉल नावाची भौतिकशास्त्राची इमारत आहे. तिच्या तळघरात जानेवारी १९३९ मध्ये युरेनियमचा अणू फोडण्याचा अमेरिकेतला पहिला प्रयोग झाला. पुढे २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो विद्यापीठात, खेळाच्या मैदानाच्या प्रेक्षकगॅलरीखाली, एन्रिको फर्मी यांनी पहिली साखळी-प्रक्रिया घडवून आणली. ज्या लॉस अ‍ॅलामॉसच्या प्रयोगशाळेत बॉम्ब तयार झाला तिचा कारभार कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे होता, आणि तो २००६ पर्यंत, म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ, एकट्या त्याच विद्यापीठाकडे राहिला. ज्ञानाचे मंदिर वगैरे आपण म्हणतो, पण मंदिराच्या तळघरात काय चालते तेही बघावे लागते.

या सगळ्यांत एक माणूस वेगळा निघाला. जोसेफ रॉटब्लॅट, पोलंडचा शास्त्रज्ञ. जर्मनी बॉम्ब बनवील या भीतीने तो या कामात आला होता. जर्मनीला ते जमणार नाही हे १९४४ च्या अखेरीस कळल्याबरोबर त्याने लॉस अ‍ॅलामॉस सोडले. पुढे लंडनच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याने भौतिकशास्त्र शिकवले, किरणोत्साराचा माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास केला, आणि अण्वस्त्रांविरुद्ध शास्त्रज्ञांची पग्वॉश चळवळ चालवली. १९९५ साली त्याला आणि पग्वॉशला मिळून शांततेचे नोबेल मिळाले. विज्ञान शिकणाऱ्या आमच्या मुलांनी हे नाव लिहून ठेवावे.

बॉम्ब पडल्यानंतर वर्षभरातच, १९४६ साली, येल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी एक पुस्तक काढले. त्याचे संपादक बर्नार्ड ब्रॉडी. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा की, आजवर सैन्याचे काम युद्ध जिंकणे हे होते, यापुढे युद्ध होऊ न देणे हे त्याचे मुख्य काम. आज जगभर जे शिकवले जाते त्याचे बी इथे पडले. मग कॅलिफोर्नियात रँड नावाची संस्था निघाली, हवाई दलाच्या पैशावर. तिथे गणिती आले, अर्थशास्त्री आले. त्यांतले पुष्कळजण विद्यापीठात शिकवायचे आणि रँडमध्ये सल्ला द्यायचे. वर्ग आणि युद्धखाते यांच्यात जाण्या-येण्याची वाट पडली, ती अजून बुजलेली नाही.

या विद्येचा सर्वांत हुशार शिक्षक म्हणजे हार्वर्डचा थॉमस शेलिंग. हा अर्थशास्त्रज्ञ. १९६० आणि १९६६ साली त्याची दोन पुस्तके आली, ती आजही वाचायला लावतात. २००५ मध्ये त्याला अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. शेलिंगने एक अडचण ओळखली होती. दोघेही मरणार हे ठरलेले असताना 'मी बॉम्ब टाकीन' या धमकीवर विश्वास कोण ठेवणार? त्यावर त्याने दिलेले उदाहरण असे. दोन गिर्यारोहक एकाच दोराने बांधलेले आहेत आणि कड्याच्या टोकाशी उभे आहेत. एकाला दुसऱ्याकडून काही कबूल करून घ्यायचे आहे. 'मी उडी मारीन' म्हटले तर दुसरा हसेल. पण तो कड्याच्या अगदी टोकाला जाऊन नाचू लागला, जिथे पाय केव्हाही घसरेल, तर दुसरा घाबरतो. म्हणजे धमकी उडीची नाही, पाय घसरण्याची आहे. जरब चालते ती अपघाताच्या शक्यतेवर. शेलिंगने हे लपवले नाही, उघड लिहिले, याबद्दल आम्हाला त्याचा आदर वाटतो. परीक्षेच्या वह्यांत मात्र हे वाक्य कधी आढळत नाही. तिथे जरब म्हणजे पक्क्या कुलपासारखी वस्तू असते.

अमेरिकेतल्या अशा वर्गांचा साचा साधारण ठरलेला असतो. सुरुवातीला बॉम्बचा इतिहास, मग शेलिंग, मग १९६२ चा क्यूबाचा पेचप्रसंग, मग प्रसारबंदीचे करार. बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांना निरनिराळ्या देशांच्या भूमिका देऊन एक लुटुपुटूचा पेचप्रसंग खेळायला लावतात. कोणी राष्ट्राध्यक्ष, कोणी सेनापती. दोन-तीन तासांत निर्णय घ्यायचा. चांगली पद्धत आहे, पाठांतरापेक्षा तर शंभर पटींनी चांगली. पण आम्ही विचार केला, या खेळात सगळे राष्ट्राध्यक्षच होतात. बॉम्ब ज्या गल्लीवर पडणार त्या गल्लीतल्या बाईची भूमिका कोणाला देतात काय?

त्या वर्गांत सगळे एकाच सुरात बोलतात असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. कोलंबियाचेच रॉबर्ट जर्व्हिस २०२१ मध्ये वारले. त्यांनी आयुष्यभर हे मांडले की, पुढारी एकमेकांना नीट ओळखतच नाहीत. आपला बचाव दुसऱ्याला हल्ला वाटतो. आणि सर्वांत गाजलेला वाद केनेथ वॉल्ट्झ आणि स्कॉट सेगन यांचा. वॉल्ट्झ बर्कलेचे, सेगन स्टॅनफर्डचे, दोन्ही विद्यापीठे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या दोन बाजूंना. वॉल्ट्झ म्हणत, अण्वस्त्रे असली की देश शहाण्यासारखे वागतात, तेव्हा ती आणखी काही देशांकडे गेली तरी घाबरू नका. सेगन म्हणतात, देश शहाणा असेल हो, पण बॉम्ब सांभाळतात ती खाती, कचेऱ्या, पहारेकरी. तिथे चुका होणारच. दोघांनी मिळून १९९५ मध्ये पुस्तक लिहिले, एकाने बाजू मांडायची आणि दुसऱ्याने खोडायची. शिकवण्याचा हा प्रामाणिक मार्ग आहे असे आमचे मत आहे.

सेगन यांनी शोधून काढलेली अस्वलाची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. २५ ऑक्टोबर १९६२ ची रात्र, क्यूबाचा पेच ऐन भरात. अमेरिकेतल्या डुलूथ येथील लष्करी तळावर पहारेकऱ्याला कुंपणावर चढणारी एक सावली दिसली. त्याने गोळी झाडली आणि घातपाताचा इशारा दिला. तो इशारा आजूबाजूच्या तळांवरही वाजला. विस्कॉन्सिनमधल्या एका तळावर घंटेची तार चुकीची जोडली होती. तिथे घातपाताची घंटा न वाजता विमाने उडवण्याची घंटा वाजली. वैमानिक धावत जाऊन अण्वस्त्रे लावलेल्या विमानांत बसले. त्यांना वाटले युद्धच सुरू झाले. तेवढ्यात खरा प्रकार कळला आणि एक मोटार दिवे चमकवत धावपट्टीवर घालून विमाने थांबवली. कुंपणावर कोण होते? अस्वल. हसू येते, पण ती तार जोडणारा माणूस कोणी वेडा नव्हता. आपल्या वस्तीत विजेच्या मीटरची तार चुकीची जोडतात तसाच तो प्रकार.

दुसरी गोष्ट २६ सप्टेंबर १९८३ ची. सोविएत रशियाच्या यंत्रांनी दाखवले की अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रे येत आहेत. ड्यूटीवरच्या स्टानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्याने विचार केला, हल्ला करायचा तर कोणी पाचच कशाला सोडील? त्याने वरिष्ठांना कळवले की इशारा खोटा आहे, आणि तो खोटाच निघाला. त्या रात्री कामाला आली ती एका माणसाची सारासार बुद्धी. ती कोणत्या अभ्यासक्रमात शिकवतात?

भाषेबद्दलही थोडे सांगायला पाहिजे. कॅरल कोन या अमेरिकन प्राध्यापिका १९८४ च्या उन्हाळ्यात या विषयाच्या शिबिराला गेल्या, आणि मग वर्षभर त्या तज्ज्ञांत राहिल्या. १९८७ मध्ये त्यांनी आपला अनुभव लिहिला. तज्ज्ञ माणसे वागायला चांगली होती, सभ्य होती. पण त्यांच्या भाषेत मेलेल्या माणसांना 'कोलॅटरल डॅमेज' म्हणत. शहरावर बॉम्ब टाकणे म्हणजे 'काउंटरव्हॅल्यू'. कोनबाईंनी ती भाषा शिकून घेतली आणि त्यांच्या ध्यानात आले की, ती बोलू लागल्यावर बॉम्बची भीतीच वाटेनाशी होते. शिवाय त्या भाषेत शांततेविषयी विचारायला शब्दच नाही. असा प्रश्न विचारला की विचारणारा अडाणी ठरतो. मित्रहो, भाषेने माणूस कसा झाकला जातो हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. आपल्याला कोणकोणत्या शब्दांनी बोलावले गेले ते आपल्या आजोबांना विचारा.

आता काळ बदलला. १९९१ मध्ये सोविएत रशिया फुटला आणि हा विषय विद्यापीठांत मागे पडला. २००१ नंतर सगळे दहशतवादाकडे वळले, आणि तिथे शेलिंगचा दोर तोकडा पडला. ज्याला देश नाही, पत्ता नाही, ज्याला मरायचेच आहे, त्याला जरब कशाची घालणार? विल्यम पेरी हे १९९४ ते १९९७ अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते, नंतर स्टॅनफर्डला शिकवत होते. नव्या पिढीला या धोक्याची जाणीवच राहिली नाही असे त्यांना वाटले, आणि त्यांनी वयाची ऐंशी ओलांडल्यावर इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत अभ्यासक्रम काढला.

मग २०१४ आणि २०२२ आले. १९९४ साली युक्रेनने आपल्या भूमीवरची सोविएत अण्वस्त्रे रशियाला देऊन टाकायचे कबूल केले, त्याच्या बदल्यात त्याच्या सीमांचा मान राखण्याचे लेखी वचन रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने दिले. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी पुरते आक्रमण केले. आता वर्गात विद्यार्थी विचारतात, युक्रेनने ती ठेवली असती तर? उत्तर सोपे नाही, कारण त्या अस्त्रांच्या किल्ल्या मॉस्कोकडे होत्या. पण छोट्या देशांनी यातून काय धडा घेतला असेल हे सांगायला प्राध्यापक लागत नाही.

पूर्वी गणित दोघांचे होते. आज नऊ देशांकडे मिळून सुमारे १२ हजार अण्वस्त्रे आहेत. एके काळी ही संख्या ७० हजारांच्या घरात होती, त्या मानाने कमी. पण चीन वेगाने वाढवतो आहे, २०२५ च्या आरंभी त्याच्याकडे सुमारे ६०० असल्याचा अंदाज होता. अमेरिका आणि रशिया यांच्यातला अण्वस्त्रांची संख्या बांधणारा शेवटचा करार २०१० मध्ये झाला होता, तैनात अस्त्रे प्रत्येकी १,५५० पर्यंत. त्याची मुदतच ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतची होती. दोरीला दोन माणसे बांधलेली असताना जे गणित बसते ते तिघे बांधले की बसत नाही, आणि तिघांचे गणित अजून कोणाकडे तयार नाही. त्यात संगणकातून होणारे हल्ले, ध्वनीच्या पाचपट वेगाची क्षेपणास्त्रे, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता. निर्णयाला मिळणारी मिनिटे कमी होत चालली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिका आणि चीनचे अध्यक्ष लिमा शहरात भेटले आणि अण्वस्त्रे वापरण्याचा निर्णय माणसाच्याच हाती राहावा, यावर त्यांचे एकमत झाले. असे कबूल करून घ्यावे लागते, यावरूनच काय ते समजावे. पेत्रोवच्या खुर्चीत यंत्र बसले असते तर?

आपल्या देशाकडे वळू. १९९८ मध्ये आपल्या पाठोपाठ पाकिस्ताननेही चाचण्या केल्या. जानेवारी २००३ मध्ये भारताने आपले धोरण जाहीर केले. अण्वस्त्र आधी वापरणार नाही, पण आपल्यावर वापरले तर प्रचंड प्रत्युत्तर देऊ. हे संरक्षणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. पुण्याच्या विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या केंद्राच्या तर नावातच निःशस्त्रीकरण हा शब्द आहे. पण खालच्या पातळीवर, कॉलेजात आणि क्लासमध्ये, शिकवणूक बहुतेक धोरणाच्या कलमांवर थांबते.

खरा प्रश्न पुढे आहे. अण्वस्त्रे आली, पण १९९९ मध्ये कारगिल झाले. २०१९ मध्ये बालाकोट झाले. २०२५ च्या मे महिन्यात चार दिवस दोन्ही देशांची क्षेपणास्त्रे आणि ड्रोन एकमेकांच्या हद्दीत जात होती. एक शिक्षक म्हणेल, पाहा, जरबेमुळे चारच दिवसांत थांबले. दुसरा म्हणेल, जरबेच्या आडोशानेच लहान लढाया करण्याचे धाडस होते. वर स्थिर, म्हणून खाली अस्थिर. हा दुसरा विचार १९६५ मध्ये ग्लेन स्नायडर या अमेरिकन अभ्यासकाने मांडला, आणि आज तो शिकवताना उदाहरणे आपल्याकडची घेतात. वॉल्ट्झ-सेगन यांच्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत भारत-पाकिस्तानचे प्रकरण घालावे लागले. आणि ९ मार्च २०२२ रोजी आपलेच एक क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. सुदैवाने कोणी दगावले नाही, त्यांनी प्रत्युत्तर दिले नाही, आपण चूक मान्य केली. सेगन यांच्या वर्गातला धडा आपल्या आकाशातून गेला. यावर आपल्या मुलांच्या परीक्षेत प्रश्न येतो काय?

आता चाळीतल्या त्या वीस बिऱ्हाडांकडे येतो.

९ ऑगस्ट १९४५, सकाळचे अकरा वाजून दोन मिनिटे. नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा तिथले वैद्यकीय महाविद्यालय स्फोटापासून एक किलोमीटरच्या आत होते. वर्ग चालू होते. बाकांवर बसलेले विद्यार्थी आणि शिकवणारे अध्यापक जागच्या जागी गेले. विद्यार्थी, अध्यापक, परिचारिका मिळून सुमारे नऊशे माणसे त्या एका महाविद्यालयाची गेली. ताकाशी नागाई नावाचे डॉक्टर जखमी अवस्थेत वाचले, इतरांवर उपचार करीत राहिले, अंथरुणाला खिळून पुस्तके लिहिली आणि १९५१ मध्ये गेले. म्हणजे बॉम्बच्या इतिहासात विद्यापीठ दोनदा येते. एकदा तळघरात, एकदा बॉम्बखाली. जरबेच्या अभ्यासक्रमात पहिले विद्यापीठ पहिल्याच आठवड्यात भेटते. दुसरे किती जणांना भेटते?

आणि बॉम्ब पडलाच पाहिजे असेही नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावर चाचणी केली, तिची किरणोत्सारी राख रोंगेलाप बेटावरच्या लोकांवर पडली. त्यांचे कोणाशी वैर नव्हते. आपल्या देशातले युरेनियम झारखंडात जादुगोड्याच्या आदिवासी मुलखातून निघते. धमकी दिल्लीतून आणि वॉशिंग्टनमधून दिली जाते, पण तिची किंमत भरणाऱ्याचे नाव तिसऱ्याच गावच्या मतदार यादीत असते.

आम्ही एक तुलना करू धजतो. जातीवर विद्यापीठांत पूर्वीही शिकवत होते. मोठमोठे ग्रंथ होते, उतरंडीचे तक्ते होते. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले, पाठोपाठ इतरांची आत्मकथने आली, ती अभ्यासक्रमाला लागली, आणि जात भोगणारा माणूस प्रथमच स्वतःच्या आवाजात वर्गात बोलला. तक्ते चुकीचे होते असे नव्हे. पण त्या आवाजाशिवाय ते अर्धेच होते. तसेच शेलिंग चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. बाबासाहेबांनी जे पटत नव्हते तेही मुळापासून वाचले, मगच खोडले. तेव्हा आपल्या मुलांनी शेलिंग वाचावा, वॉल्ट्झ वाचावा, नीट वाचावा. पण तो अभ्यासक्रम अर्धा आहे हे ओळखून वाचावा.

उरलेला अर्धा भाग ज्यांच्याकडे आहे त्यांना जपानीत हिबाकुशा म्हणतात, बॉम्बमधून वाचलेली माणसे. वर्षानुवर्षे त्यांच्याशी लग्न करायला लोक तयार नसत, रोग लागेल म्हणून नोकरी देत नसत. विटाळाची ही तऱ्हा आपल्याला ओळखीची वाटेल. ज्या १९५६ साली ऑक्टोबरात बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या लोकांची देशव्यापी संघटना उभी राहिली, निहोन हिदानक्यो. शाळा-कॉलेजांत जाऊन स्वतःची कहाणी सांगणे हे काम त्यांनी आयुष्यभर केले. २०२४ चे शांततेचे नोबेल त्यांना मिळाले. पण मार्च २०२५ अखेर नोंद झालेल्या हिबाकुशांची संख्या एक लाखाच्या खाली आली आणि त्यांचे सरासरी वय ८६ झाले. आणखी दहा-पंधरा वर्षांत वर्गात येऊन सांगणारा कोणी राहणार नाही. शेलिंगची पुस्तके मात्र राहतील, नवी आवृत्ती निघेल. आम्हाला काळजी वाटते ती याची.

जपानमध्ये यावर काम चालू आहे. हिरोशिमा विद्यापीठात कोणत्याही शाखेच्या पदवीच्या विद्यार्थ्याला शांततेविषयीचा एक विषय घ्यावाच लागतो, मग तो इंजिनिअर होवो की दंतवैद्य. नागासाकी विद्यापीठाने २०१२ मध्ये अण्वस्त्र निर्मूलनाचे संशोधन केंद्र काढले. ते दरवर्षी एक तक्ता छापते, कोणत्या देशाकडे किती अण्वस्त्रे आहेत याचा. ज्या महाविद्यालयाची नऊशे माणसे गेली, तेच आज नागासाकी विद्यापीठाचा भाग आहे. तेच विद्यापीठ आता मोजणी ठेवते.

तर अभ्यासवर्गाने या वर्षावासात असे ठरवले आहे. दर रविवारी संध्याकाळी वंदनेनंतर एक तास बसायचे. वॉल्ट्झ आणि सेगन यांचा वाद आणि हिबाकुशांच्या कहाण्या, दोन्ही बाजूबाजूला ठेवून वाचायच्या. पुस्तके इंग्रजीत आहेत, त्यांचा मराठी सारांश कॉलेजातली मुले-मुली आळीपाळीने करून आणतील, चुकले तर मोठ्यांनी हसू नये. लुटुपुटूचा पेचप्रसंगही आपण खेळणार आहोत, आणि त्यात राष्ट्राध्यक्षांच्या खुर्च्या दोनच असतील. बाकीच्यांनी चाळीतली बिऱ्हाडे व्हायचे. आयाबायांनी या खेळाला जरूर यावे, तुमच्याशिवाय तो रंगणार नाही. नागासाकीचा तक्ता इंग्रजीतही निघतो, तो मिळवून वाचनालयाच्या कपाटाशेजारच्या भिंतीवर लावायची परवानगी आम्ही समितीकडे मागितली आहे. अध्यक्षसाहेब इथे बसलेच आहेत, त्यांनी मान हलवली असे आम्ही धरून चालतो.